लेमनताईंचा बावीस वर्षांचा डबा

लेमनताईंच्या हातात चहाचा ग्लास दिला, की त्या तो आधी पीत नाहीत. खिडकीसमोर धरतात, एक डोळा बारीक करतात, ग्लास जरासा कलता करतात आणि निकाल देतात. "ऑरेंज. बरा आहे. तळाला गाळ दिसतोय." मग पितात. जुन्या शेजाऱ्यांना याची सवय झालीय. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी घाबरून चहा पुन्हा केला. दुसरा ग्लास बघून ताई म्हणाल्या, "पहिलाच बरा होता."

आता यात दोष ताईंचा नाही, नोकरीचा आहे. बत्तीस वर्षं त्या लाखेच्या कारखान्यात पारखी आहेत. झाडांच्या काटक्यांवर बारीक किडे बसतात, रस पितात आणि स्वतःभोवती राळेचं घर बांधतात. ती राळ खरवडायची, कुटायची, धुवायची, तिचे दाणे लांबलचक कापडी पिशवीत भरून भट्टीपुढे वितळवायचे, पिशवी पिळायची, गळलेला रस ताणून कागदासारखा पातळ करायचा आणि गार झाला की फोडायचा. काचेच्या कपच्यांसारखे जे तुकडे पडतात, तो चपडा. एवढं सगळं झाल्यावर तो पोत्यात भरून ताईंच्या टेबलावर येतो आणि किड्यापासून भट्टीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या मेहनतीला ताई अर्ध्या मिनिटात नावं ठेवतात.

टेबल उत्तरेकडच्या खिडकीला लागून आहे. त्यावर एक पांढरी फरशी. मूठभर चपडा फरशीवर पसरायचा, एक तुकडा उजेडाला धरायचा, एक कानाशी नेऊन मोडायचा. फिकट पिवळा आणि आरपार दिसला तर लेमन. त्याहून तांबूस झाला तर ऑरेंज. जाड, गोल चकत्या पाडलेल्या असतात ती बटन. आणि डाळिंबाच्या दाण्यासारखी गडद लाल ती गार्नेट. पिशवी पिळून झाल्यावर आत जो चोथा उरतो, म्हणजे किड्यांची सालं, काटक्यांचा भुगा, माती आणि हट्टाने अडकून बसलेली थोडी राळ, त्याला म्हणतात किरी. किरीला फरशीवर जागा नाही. ती दाराबाहेर, घमेल्यात.

'लेमन' हा शब्द ताईंच्या तोंडून काढणं म्हणजे दात काढण्यासारखं काम. वर्षाकाठी चार-सहा पोत्यांनाच तो मान मिळतो. म्हणून त्यांचं नाव लेमनताई. चेहऱ्यावरून पडलं असंही काही जण म्हणतात, पण ते जिना उतरून गेल्यावर.

माणसांचंही तेच. ताईंचे यजमान बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त. स्वभावाने आणि आकाराने गोल. त्यांची ग्रेड लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात ठरली: बटन. "दिसायला विशेष नाही, पण मोडत नाही," असा ताईंचा शेरा. कंडक्टर तो प्रशस्तिपत्रकासारखा सगळ्यांना सांगतात. मालकांना ऑरेंज. मालकांच्या मेव्हण्याला 'धुतलेली नाही'. कारखान्याच्या लॅबमध्ये एक तरुण बाई यंत्रावर रंग मोजते. तिला ताई फक्त 'लॅबवाली' म्हणतात आणि ग्रेड देत नाहीत, कारण तिचं यंत्र आणि ताईंचा डोळा शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा एकच सांगतात. उरलेल्या तीन वेळा यंत्र चुकतं, असं ताई म्हणतात. लॅबवाली आकडा वहीत लिहून ठेवते.

ताईंबरोबर बाजारात जाणं ही तर शिक्षाच. "ते सफरचंद चमकतंय ना? आमचाच माल. चॉकलेटच्या गोळ्यांवरची झिलई? आमची. करवत घासायचं चाक फिरताना फुटत का नाही? लाखेने बांधलेलं असतं म्हणून." कंडक्टर रोज सकाळी एक गोळी घेतात, तिच्यावरही लाखेचा पापुद्रा असतो, गोळी पोटात विरघळू नये, पुढे आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून. "तुम्ही माझं आयुष्यभर काही ऐकलं नाहीत," ताई म्हणतात, "पण तुमची गोळी माझ्या धाकात आहे."

एवढी तिखट बाई, पण एका विषयावर गप्प होत असे. तो विषय म्हणजे धाकटा भाऊ.

ताईंचे वडील फर्निचरला पॉलिश करायचे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा मऊ कापडात बांधून, लाकडावर गोल गोल फिरवत. एका टेबलाला आठवडा लागे आणि आठव्या दिवशी त्यात तोंड दिसे. वडिलांमागे दुकान भावाकडे आलं. नऊ वर्षांपूर्वी त्याने बोळा ठेवून दिला आणि फवारणीचं यंत्र आणलं. पिचकारी मारली की तासाभरात कपाट तयार. दुकानात चार माणसं बोलावली, पेढ्यासारखे गोड चेहरे करून सगळे यंत्र बघत होते. ताईही गेल्या. कपाटावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि भर माणसांत म्हणाल्या, "हे प्लास्टिक आहे. बाबांची पिशवी पिळून झाली वाटतं. मागे किरी राहिली."

भाऊ लाल झाला. "ताई," तो म्हणाला, "तू जन्मभर दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवलीस. स्वतःच्या हाताने एक पाट तरी पॉलिश केलायस का कधी?"

केला नव्हता. तेच तर झोंबलं.

त्यानंतर नऊ वर्षं भाऊ या घराची पायरी चढला नाही. एकाच गावात दोघं. रस्त्यात समोर आला तर तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा आणि ताई दुकानाच्या काचेत बघत उभ्या राहायच्या. एकदा तर ट्रकच्या टायरच्या दुकानात पाच मिनिटं बघत होत्या. 

ये-जा राहिली ती फक्त भावाच्या मुलीची. ही भाची औषधांच्या कारखान्यात गोळ्यांवर लाख चढवायच्या विभागात काम करते. म्हणजे बाप लाखेवर रुसलेला, आत्या लाख पारखते आणि पोर लाख खाऊ घालते. या उन्हाळ्यात ताई निवृत्त व्हायच्या होत्या. त्याच सुमारास एका संध्याकाळी भाची आली, चहाचा ग्लास ताईंच्या हातातून काढून घेऊन खाली ठेवला आणि म्हणाली, "आत्या, बाबा रविवारी जेवायला येतायत."

ताईंनी ग्लास पुन्हा उचलला. तो रिकामा होता तरी उजेडाला धरला.

"मी नाही बोलावलं."

"मी बोलावलंय. तुझ्या वतीने. आणि एक अट आहे."

"त्याची?"

"माझी. जेवण होईपर्यंत कुणालाही ग्रेड लावायची नाही. माणसाला नाही, भाताला नाही, चपलेलाही नाही. तू तोंड उघडलंस की बाबा उठून जातील आणि मग मी काही परत मधे पडणार नाही. नऊ वर्षं दोन्हीकडची भांडी घासून कंटाळलेय मी."

"मला काय जीभ आवरत नाही?"

कंडक्टर कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांना तेवढ्यात खोकला आला.

"हसू नका," ताई म्हणाल्या. "कबूल. एक शब्द बोलणार नाही."

आणि भाची गेल्यावर त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. बोलायचं नाही ना? ठीक. घरात जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या होत्या, वडिलांच्या हातच्या. पॉलिश पार उडालं होतं. त्यातली हातांची मोठी खुर्ची खुद्द वडिलांची. ती आपल्या हाताने पॉलिश करायची. भाऊ येईल, बघेल. आपण काही म्हणायचं नाही. खुर्ची म्हणेल काय ते. पाट केलायस का म्हणत होता, हं!

कारखान्यातून ताज्या मालाचं पाकीट आणणं काही अवघड नव्हतं. पण ताईंची नजर स्वयंपाकघरातल्या फळीवर गेली. तिथे शेगडीच्या बरोब्बर वर एक पत्र्याचा डबा होता. वडिलांचा. मरण्याच्या वर्षभर आधी त्यांनी तो ताईंच्या हातात दिला होता. "अस्सल लेमन आहे. चांगल्या कामाला ठेवलीय." वडिलांना त्या योग्यतेचं काम मिळालं नाही, आणि ताईंना कुठलंच काम त्या योग्यतेचं वाटलं नाही. बावीस वर्षं झाली. आता मात्र ते काम आलं होतं.

इथे जरा थांबून सांगायला हवं, की ताईंच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात एक पाटी आहे: 'दोन वर्षांवरचा माल तपासल्याशिवाय घेऊ नये.' लाख म्हातारी होते. दिसायला पूर्वीसारखीच राहते, पण आतून मिटत जाते. स्पिरिटमध्ये धड विरघळत नाही, लाकडावर धड सुकत नाही. ऊब लागली तर आणखी लवकर. या कारणावरून ताईंनी गाड्याच्या गाड्या दारातून परत पाठवल्यात, बड्या बड्या व्यापाऱ्यांना दोन वाक्यांत घरी बसवलंय. पण बाबांचा डबा म्हणजे माल थोडाच? तो तपासायचा, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

डबा उघडला तर चपड्याचे तुकडे नव्हतेच. सगळ्याची मिळून एक वडी झाली होती. ताईंनी ती फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडली. एरवी तुकडा कानाशी मोडून आवाज ऐकणारी बाई, पण हातोडीचा आवाज मोठा होता, असं समजू. स्पिरिट ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर वर पिवळं पाणी आणि खाली जेलीसारखा गोळा. कारखान्यात असं दिसलं असतं तर बाटली आणि बाटलीवाला दोघे खिडकीबाहेर गेले असते.

"हे असं का दिसतंय?" कंडक्टरनी निरागसपणे विचारलं.

"जुना माल दाट असतो," ताई म्हणाल्या आणि गोळा गाळून टाकला.

मग चार सकाळी त्या कामावर जाण्याआधी बोळा घेऊन खुर्चीशी झोंबत होत्या. हात गोल फिरवायचा हे माहीत होतं. किती दाबायचं हे माहीत नव्हतं. बाबा बोळ्याला तेल लावायचे एवढं आठवत होतं. किती, ते आठवत नव्हतं. बोळा चिकटला की तेल, चमक कमी वाटली की आणखी एक हात. कंडक्टर येता-जाता "छान, छान," म्हणत, कारण बत्तीस वर्षांत त्यांना दुसरा शब्द धोक्याचा वाटत आलाय. खरं सांगायचं तर दिसत होतीच छान. मधासारखा रंग, आत दिवा लावल्यासारखी चमक. शुक्रवारी ताई तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि अगदी हळू, कुणी ऐकत नाही ना ते बघून, म्हणाल्या, "लेमन."

शनिवारी त्यांनी बसण्याच्या जागेवर बोट टेकवलं. बोट निघालं, पण जरा विचार करून निघालं.

बारा तासांत कडक व्हायला हवी होती, ती दुसऱ्या दिवशीही बोट धरत होती. त्यांनी पंखा लावला. खिडक्या उघडल्या. रविवारी सकाळी पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा तेच. त्यात उकाडा असा, की भिंतीसुद्धा घामेजल्या होत्या.

"ही खुर्ची आत नेऊन ठेवा," त्या कंडक्टरना म्हणाल्या. "तो स्टुलावर बसेल."

"नऊ वर्षांनी मेव्हणा येतोय आणि मी त्याला स्टुलावर बसवू? मग तुझी ही एवढी मेहनत बघायची कुणी?"

"अहो, ठेवा म्हणते ना!"

पण कंडक्टर उठेपर्यंत जिन्यात पावलं वाजली. भाची पुढे, मागे भाऊ. केस पांढरे झाले होते. अंगात कडक इस्त्रीची फिकट पँट, हातात फळांची पिशवी. दारात दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे न बघता एकमेकांना बघत उभे राहिले.

"ये," ताई म्हणाल्या.

"आलो," भाऊ म्हणाला.

नऊ वर्षांनंतरचं संभाषण एवढंच. मग त्याची नजर खुर्चीवर गेली. तो सरळ तिच्याकडे गेला, तिच्या हातावरून बोटं फिरवली. आणि ताईंच्या तोंडून "थां—" निघेपर्यंत बाबांच्या खुर्चीत बाबांसारखाच, जड, समाधानाने बसला.

ताईंनी उरलेला शब्द गिळला. थांब म्हणायचं तर का ते सांगावं लागणार. का ते सांगायचं तर नऊ वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातात आयतं पडणार. 'एक पाट तरी केलायस का?' तर हो, केला, आणि हा असा.

जेवायला बसले. बटाट्याचा रस्सा, भात, काकडीच्या चकत्या. भाची डोळ्यांनी आत्याला पहारा देत होती. ताईंनी रश्शाचा डाव उचलला, सवयीने खिडकीकडे वळला, भाचीने घसा खाकरला, डाव सरळ भावाच्या ताटात गेला.

"रस्सा झालाय," ताई म्हणाल्या. एवढं निरुपद्रवी वाक्य त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"झालाय खरा," भाऊ म्हणाला.

कंडक्टरनी बसमधले किस्से काढले, देव त्यांचं भलं करो. एक म्हातारे गृहस्थ रोज उलट्या दिशेच्या बसमध्ये बसत आणि रोज कंडक्टरवर चिडत, तो किस्सा तर दोनदा सांगितला. दुसऱ्या वेळेला भाऊ मनापासून हसला. हसताना जरा मागे रेलला आणि मग पुढे आला नाही. म्हणजे यायचा प्रयत्न केला. ताईंनी बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर एक बारीकशी सुरकुती आली आणि गेली. त्याने डावा पाय हळूच हलवून पाहिला. मग उजवा. मग शांतपणे म्हणाला, "अजून थोडा भात वाढ ग."

जेवणं झाली. भाची ताटं उचलू लागली. "बाबा, हात धुवायला चला."

"बसतो जरा. इथेच पाणी दे."

"गॅलरीत वारा आहे, तिथे बसा की."

"वारा काय, इथेही आहे."

वारा नव्हता. भाऊ घामाने निथळत होता. आणि ताईंना समोर बसून एक गोष्ट लख्ख दिसत होती: याला कळलंय. चाळीस वर्षं पॉलिशच्या वासात काढलेला माणूस, त्याला बसता क्षणी कळलं असणार. आणि तो मूग गिळून बसलाय. ओरडला नाही, हसला नाही, 'बघा बघा, पारखी बाईंचं पॉलिश बघा' म्हणाला नाही. सगळ्या जगात या क्षणाची वाट बघायचा हक्क कुणाला असेल तर तो याला, आणि हा मागतोय काय, तर पाणी.

चहा झाला. मग कंडक्टरनी फळं कापली. मग परत चहा झाला. साडेतीन वाजले. भाची घड्याळ बघायला लागली. "बाबा, निघायचं ना? चारला बस आहे."

"तू हो पुढे. मी येतो मागनं."

"मागनं म्हणजे?"

"अग म्हणजे... गप्पा चालल्यायत आमच्या."

गप्पा अशा, की अर्धा तास कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. भाची दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. भावाने ताईंकडे पाहिलं, अगदी क्षणभर, आणि लगेच छताकडे. लहानपणी एक बरणी फुटली होती तेव्हा बाबांसमोर उभा राहून तो असाच छताकडे बघत होता. बरणी ताईंनी फोडली होती. मार त्याने खाल्ला होता.

ताई उठल्या.

"जेवण झालं ना ग?" त्यांनी भाचीला विचारलं.

"केव्हाच झालं."

"म्हणजे आता ग्रेड लावायला हरकत नाही."

"आत्या!"

कंडक्टरनी डोळे मिटले. भावाचा हात खुर्चीच्या हातावर घट्ट झाला. उठून जायची सोय नव्हती, हेही त्याच क्षणी सगळ्यांत आधी त्यालाच आठवलं असणार.

ताई खुर्चीपाशी गेल्या. पोत्यापुढे उभं राहून बोलतात त्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या, "माल बावीस वर्षांचा. शेगडीवर ठेवलेला. वडी झालेली. स्पिरिटमध्ये अर्धा विरघळलाच नाही. पारख न करता लावला. पॉलिश नापास. करणारी नापास." मग आवाज जरा घसरला. "तपासला नाही रे मी. बाबांचा होता म्हणून."

भाऊ हलला नाही. हलणार कसा?

"शेगडीवर?" त्याने विचारलं.

"वरच्या फळीवर."

"बावीस वर्षं?"

"हो म्हटलं ना."

"आणि तेल किती घातलंस?"

"बाबा घालायचे तेवढं."

"बाबा बोटाच्या टोकावर थेंब घ्यायचे."

कंडक्टरनी बसल्या जागेवरून साक्ष दिली, "चमचा होता. मी बघितला. आमटीचा."

आधी भाची फुटली. तोंडावर पदर, रुमाल, हात, काहीच न पुरल्याने ती सरळ स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून तिचं हसू ऐकू येत राहिलं. मग भाऊ हसायला लागला. तो हसला की खुर्चीही त्याच्याबरोबर हलायची, आणि ते बघून ताईंचाही धीर सुटला. नऊ वर्षांचं हसू. पाच मिनिटं पुरलं. खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर काठी ठोकली.

"तुला केव्हा कळलं?" ताईंनी डोळे पुसत विचारलं.

"हात फिरवला तेव्हाच. ओली होती."

"आणि तरी बसलास?"

"तू पॉलिश केलंस ग," भाऊ म्हणाला. "मी उभा राहू?"

ताई आतून स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन आल्या.

"दे इकडे," भाऊ म्हणाला. "नाही, थांब, माझा हात मागे पोचत नाही. तूच कर. मी सांगतो. बोळा कसा धरलायस? अग लिंबू पिळतेयस का? सैल धर. कडेने ये. भिजू दे. घाई नाही."

"मला शिकवतोस?"

"मग कोण शिकवणार?"

ताई खाली बसल्या आणि धाकट्या भावाच्या हुकमाने त्याच्या पँटच्या कडेकडेने बोळा फिरवू लागल्या. अंगठाभर सुटलं की थांबायचं, पुन्हा भिजवायचं. अर्धा तास लागला. स्पिरिटच्या वासाने घर बाबांच्या दुकानासारखं झालं. मधेच, खाली मान घालून, ताई म्हणाल्या, "तेव्हा मी किरी म्हटलं."

"म्हटलंस."

"चार माणसांत."

"सात होती." मग भाऊ म्हणाला, "पण किरी तुम्ही फेकता कुठे? घमेल्यातनं कुठे जाते?"

ताईंचा हात थांबला. बत्तीस वर्षं त्या घमेल्यापाशी चपला काढत होत्या. घमेलं मागच्या शेडमध्ये जातं. तिथे किरी स्पिरिटमध्ये भिजवतात, ढवळतात, गाळतात. माती, सालं, काटक्या मागे राहतात आणि अडकून बसलेली राळ बाहेर येते. गडद, लाल.

"गार्नेट," ताई म्हणाल्या.

"म्हणजे स्पिरिट दाखवायची वेळ होती नुसती," भाऊ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर इतका खूश झाला, की उठला. उठला तो थेट. पँट सुटली, पण मागचा थोडा भाग बाबांच्या खुर्चीशी एकनिष्ठ राहिला.

मग काय, कंडक्टरची पँट दिली. तिच्यात भाऊ दोनदा मावला असता. कमरेला सुतळी बांधून तो जिना उतरला आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेला. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सोमवारी सकाळी दहाच्या आत सगळं कळलं होतं. कुणी सांगितलं याला महत्त्व नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. जुन्या पँटमध्ये, बाबांचा पॉलिशच्या सामानाचा लाकडी खोका घेऊन. पॉलिश खरवडून खुर्ची कोरी केली. ताईंनी कारखान्यातून ताज्या मालाचं पाकीट आणलं होतं. लॅबवालीकडून यंत्रावर तपासून, वर स्वतः दोनदा बघून, तुकडा कानाशी मोडून. लेमन नव्हतं ते. गार्नेट होतं. जुन्या लाकडाला तेच शोभतं, असं त्या म्हणाल्या आणि कुणी वाद घातला नाही.

बोळा भावाच्या हातात. ताई बाजूला तेलाची वाटी घेऊन बसलेल्या. चमचा कंडक्टरनी लपवून ठेवला होता.

"थेंब," भाऊ म्हणायचा.

ताई बोटाच्या टोकावर थेंब घेऊन पुढे करायच्या. तो बोट उजेडाला धरायचा, एक डोळा बारीक करायचा.

"जास्त आहे," म्हणायचा. "बटन."

आणि लेमनताई, ज्यांच्यापुढे मालकाचा मेव्हणा चळाचळा कापतो, त्या मुकाट्याने बोट पुसून दुसरा थेंब घ्यायच्या.